दिव्याखालचं भात

बान नोंग सिम गावात शिरायच्या आधी रस्ता एकाएकी वळतो. शहराकडून येताना तो सरळसोट येतो, इतका सरळ की गाडीवरच्या माणसाचा डोळा लागावा. आणि मग काही कारण नसताना उजवीकडे मोडतो. त्या कोपरात सांगवियनचं खाचर. दिवसाउजेडी कुणाला काही होत नसे. पण तिन्हीसांजेनंतर, विशेषतः पावसाळ्यात, मोटरसायकलवरची माणसं रस्त्याऐवजी तिच्या भातात वळायची.

धप्प असा आवाज आला की सांगवियन जेवण टाकून उठायची. बोटांत वळलेला चिकट भाताचा गोळा टोपलीत परत ठेवायची, कंदील घ्यायची, नेसूचं गुडघ्यापर्यंत वर खोचायची आणि बांधाची वाट धरायची. जाताना नवऱ्याला म्हणायची, "बघते, आज कोण पाहुणं आलंय."

चिखल असल्यानं बहुतेकांचं थोडक्यात निभावायचं. कुणाचा हात मुरगळलेला, कुणाचा दात पडलेला. एकदा बदकांचा व्यापारी पडला. त्याला काही लागलं नाही, पण मागच्या पिंजऱ्यातली बदकं रोपांतून चौफेर पांगली आणि सांगवियन, तिचा नवरा खामफाय आणि तो व्यापारी असे तिघं जण कंदिलाच्या उजेडात बदकं धरत बसले. ती त्या सगळ्यांना घरी आणायची, धुवायला पाणी द्यायची, उखळात कच्ची पपई कुटून भात वाढायची आणि धडधाकट असतील तर दोन शब्द सुनवायचीही. "डोळे घरी ठेवून आलास का रे?" असं.

गावात तिला सगळे पा सांगवियन म्हणत. पा म्हणजे मोठी मावशी. शेजारीण बुनचू तिला विचारायची, "पा, तुला काय पडलंय एवढं? रोपं तुडवतात ते तुझी. भरपाई मागायची सोडून जेवू घालतेस."

सांगवियन आणखी भात वाढायची. का, ते बुनचूलाही ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लग्नानंतर काही वर्षांनी खामफाय ऊसतोडीला दूर गेला होता. तिथून परतताना एका आडरस्त्यावर त्याला गाडीनं उडवलं आणि ती गाडी थांबली नाही. मागून कसाव्याची पोती भरलेला एक ट्रक येत होता, तो थांबला. ड्रायव्हरनं स्वतःच्या कमरेचा पंचा फाडून खामफायच्या मांडीला घट्ट आवळला, त्याला पोत्यांवर निजवलं आणि इस्पितळात आणलं. डॉक्टर येईपर्यंत तो बाकावर बसून होता म्हणे. सांगवियन तिथं पोचली तेव्हा बाक रिकामा होता. नाव कुणी विचारलं नव्हतं. परिचारिकेला एवढंच आठवत होतं की तो घाईत होता आणि त्यानं पाणी मागून घेतलं.

खामफायचा पाय वाचला, पण आखूड झाला. घरी आल्यावर सांगवियननं देवळात भिक्षूंना भात घातला आणि पुण्य कुणाच्या नावे असं भिक्षूनं विचारल्यावर ती गडबडली. शेवटी म्हणाली, "त्या माणसाच्या. नाव नाही मला माहीत."

"चालेल," भिक्षू म्हणाला. "पोचतं ते."

तेव्हापासून दर उपोसथाला, देवळात जायच्या दिवशी, तिचं हेच चालू होतं. पण भिक्षेच्या वाडग्यात भात घालून तिचं समाधान होईना. माणूस समोर असता तर त्याला जेवू घातलं असतं, त्याच्या बायकोला साडीचोळीसारखं काही दिलं असतं. तो कुठल्या गावचा, कुठे शोधणार? मग त्याच्या वाटचं जे जे होतं, ते वळणावर पडणाऱ्यांना मिळू लागलं.

गावच्या बैठकीत मात्र ती गप्प बसायची नाही. फुयाय विचियन, म्हणजे गावचे प्रमुख, बैठक संपली असं म्हणायला तोंड उघडायचे आणि मागून सांगवियनचा आवाज यायचा.

"फुयाय, वळणावरच्या दिव्याचं काय झालं?"

"अर्ज केलाय, पा."

"मागच्या वर्षीही केला होता."

"तोच चालू आहे."

"मग ढकला त्याला जरा."

असं कित्येक वर्षं चाललं. विचियन बिचारे वीज कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून थकले, पण त्यांनी नाद सोडला नाही. एक तर माणूस सरळ होता, आणि दुसरं, सांगवियननं त्यांना सोडलं नसतं. अखेर एका उन्हाळ्यात, सोंगक्रानच्या सणाच्या तोंडावर, वळणावर खांब उभा राहिला. संध्याकाळी दिवा पेटला तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. नारिंगी, मोठा उजेड. रस्त्याचं वळण हाताच्या कोपरासारखं स्वच्छ दिसत होतं. सांगवियननं खांबाला झेंडूची माळ घातली आणि विचियनपुढे हात जोडले. त्यांना काय करावं ते सुचेना, ते म्हणाले, "आता बैठकीत काय बोलशील?"

"आता पुलाचं बोलेन," ती म्हणाली.

त्या पावसाळ्यात वळणावर एकही माणूस पडला नाही. वर आणखी एक फायदा झाला. दिव्याभोवती पाणकिडे झेपावायचे आणि टपाटप खाली पडायचे. गावातल्या बायका टोपल्या घेऊन संध्याकाळी खांबाखाली जमायच्या, किडे गोळा करायच्या, गप्पा छाटायच्या. भाजलेल्या किड्यांची चटणी त्या वर्षी घरोघरी झाली. सांगवियनला वाटलं, एका दिव्यानं किती द्यावं माणसाला.

भातही झकास वाढलं होतं. तिचं भात म्हणजे तिच्या आईकडून आलेलं, सुवासिक, गरवं, उशिरा पिकणारं बियाणं. शिवारात सगळ्यांचं तेच. आई तिला लहानपणी सांगायची, तरवा लवकर टाक की उशिरा, लावणी पावसानं लांबू दे की वेळेवर होऊ दे, हे भात निसवायचं तेव्हाच निसवतं. वर्षावास संपतो, भिक्षू देवळाबाहेर पडतात, रात्री थंडावू लागतात, आणि साऱ्या शिवारातल्या लोंब्या एका आठवड्यात बाहेर येतात. ज्यानं आधी लावलं त्याचं भात उंच, ज्यानं नंतर लावलं त्याचं बुटकं, एवढाच फरक. दाणा भरेस्तोवर खाचरातलं पाणी आटतं आणि कापणीला जमीन कोरडी मिळते.

त्या वर्षीही वर्षावास संपला आणि शिवार निसवलं. सकाळी बांधावर उभं राहिलं की फुलोऱ्याचा मंद वास यायचा. पण सांगवियनच्या खाचरात खांबाच्या बाजूला, पंखा उघडून ठेवावा तसा एक पट्टा नुसता हिरवागार उभा होता. ना पोटरी, ना लोंबी. पानं मात्र शेजारच्या भातापेक्षा दांडगी.

तिनं एक चूड उपटून चिरून पाहिला. आत काहीच नव्हतं.

"वांझ झालंय," बुनचू म्हणाली. "जमिनीत काही असेल. इतकी माणसं पडली तिथं, कुणाचं तरी भूत चिकटलं असणार."

"मेलं कुणीच नाही तिथं, मग भूत कुणाचं?" सांगवियननं विचारलं.

"बदकाचं असेल," खामफाय म्हणाला. तो बांधावर पाय पसरून बसला होता. मग पट्ट्याकडे बोट करून म्हणाला, "मे, ते बघ कसं उभं आहे. जिथवर दिव्याचा उजेड पोचतो ना, तिथवरच." मुलं झाल्यापासून तो तिला मे म्हणायचा, आई, आणि ती त्याला फो, म्हणजे बाबा.

सांगवियनच्याही ते लक्षात आलं होतं. पण मनातलं ओठांवर आणायला ती धजत नव्हती. इतक्या वर्षांनी मिळालेल्या दिव्यावर आळ कसा घ्यायचा?

तालुक्याच्या कृषी कार्यालयातून नोंगयाओ नावाची बाई यायची. तिशीतली, टोपी आणि चिखलाचे बूट घातलेली, कमी बोलणारी. विचियननी तिला बोलावून आणलं. ती पट्ट्यात शिरली, चूड चिरून पाहिले, वर दिव्याकडे पाहिलं आणि हसली.

"रोग नाही हा, पा. भात अजून वाट बघतंय."

"कशाची?"

"लांब रात्रीची."

मग तिथंच बांधावर बसून तिनं सांगितलं. हे भात दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. पावसाळा सरतो तशी रात्र वाढत जाते. ती ठरावीक लांबीची झाली की पान शेंड्याला निरोप धाडतं, आता पानं पुरेत, लोंबी काढा. ही मोजणी बियाण्यातच असते, आईबापाकडून पोरांना नाक-डोळे यावेत तशी. तुमच्या पणजीच्या आधीपासून इथल्या लोकांनी तेच बी राखलं जे इथलं पाणी ओसरताना पिकायचं. जे आधी किंवा नंतर पिकलं ते मागे पडलं. म्हणून ती खूण त्याच्यात घट्ट बसली.

"आणि दिवा लागला की त्याला रात्र झालीच नाही असं वाटतं," सांगवियन हळूच म्हणाली.

"तसंच. त्याच्या लेखी अजून आषाढच चालू आहे."

खामफाय हसायला लागला. "म्हणजे त्याची चूक नाही."

"कुणाचीच नाही. दुसरी बियाणी आहेत, ती रात्रीला विचारत नाहीत. लावल्यापासून अमुक दिवस झाले की निसवतात, दिवा असो नसो. त्यांच्यात ही मोजणी ढिली झालेली असते. पण तुमचं हे जुनं. याला रात्र लागते."

विचियन शेजारीच उभे होते. ते ताबडतोब म्हणाले, "मग सोपं आहे. पुढच्या वर्षी वर्षावासाच्या मधल्या दिवसांपासून भात निसवेपर्यंत दिवा बंद ठेवू. मी सांगतो वीजवाल्यांना."

सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न. सांगवियन गवताची काडी मोडत बसली होती. वर्षावासाच्या शेवटी रात्री काळ्याकुट्ट असतात, रस्ता ओला असतो, आणि मग भिक्षूंना वस्त्रं द्यायच्या, कठिन चीवराच्या जत्रा सुरू होतात. शहरात कामाला गेलेली पोरं गाड्यांवरून घरी येतात, काही पिऊनही येतात. पडायचा मोसम तोच.

"नको," ती म्हणाली.

"नको काय?"

"दिवा बंद करू नका."

विचियननी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं दिवा दे, दिवा दे म्हणून माझं डोकं खाल्लंस. आता तुझ्याच भातासाठी बंद करतो म्हणतोय, तर नको?"

"बंद केलात तर पुन्हा डोकं खाईन."

"अगं, पण तुझं नुकसान होतंय."

"पट्टा तर आहे एवढासा. त्या बदल्यात कुणाचा नवरा घरी नीट पोचला, तर ते नुकसान नाही म्हणायचं मी."

नोंगयाओनं तिच्याकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर घातली. तिला ट्रकवाल्याची गोष्ट ठाऊक नव्हती. ती नंतर खामफायनं सांगितली.

त्या वर्षी पट्टा कापून म्हशींना घातला. कापणीला आमच्याकडे सगळे एकमेकांच्या शेतावर जातात. आज याचं, उद्या त्याचं. सांगवियनचं भात कापून झालं, भारे खळ्यावर आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळणीला गेली तर ढीग मोठा दिसला. तिला वाटलं, डोळे दगा देतायत. तिनं खामफायला बोलावलं. तो लंगडत ढिगाभोवती फिरला. पेंढ्यांची बांधणी निरनिराळी होती. एका घरचा पीळ डावीकडे, एका घरचा उजवीकडे, एकीनं बांबूच्या कामटीनं बांधलेल्या.

"बुनचू, या कुणाच्या गं?"

बुनचू झाडणी घेऊन खळं झाडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारतेस? तुझ्या म्हशीनं आणून टाकल्या असतील. फुकटचं हिरवं भात खाल्लंय तिनं."

सांगवियननं आणखी दोघातिघांना विचारलं. सगळ्यांना एकदम कुठे ना कुठे बघायचं होतं. मग ती विचारायची थांबली. ती ढिगापाशी बसली आणि बराच वेळ पेंढ्यांवरून हात फिरवत राहिली. खामफायनं तिला बसू दिलं.

पुढच्या वर्षी नोंगयाओ पिशवीभर बी घेऊन आली. हळवं, रात्रीची पर्वा नसलेलं. "दिव्याच्या पट्ट्यात हे लावा," ती म्हणाली. "पण आधीच सांगते, सगळ्यांच्या आधी पिकेल. पाखरांवर लक्ष ठेवा."

बी खरं निघालं. दिवा जळत होता, पाऊस पडत होता, आणि त्या पट्ट्यानं कुणाला न विचारता लोंब्या काढल्या. बुनचू बघायला आली आणि म्हणाली, "हे भात म्हणजे माझी धाकटी सून. कुणाची वाट बघणं नाही."

दाणा भरू लागला तेव्हा सगळं शिवार अजून हिरवं होतं. पिकलेलं असं साऱ्या पंचक्रोशीत तेवढंच. मग मुनियांचे थवे आले. आधी आमच्याच गावातले, मग शेजारच्या गावांतले, आणि मग कुठल्या कुठल्या. खामफाय पहाटेपासून डबे वाजवत बांधावर बसायचा. डब्यांचा कंटाळा आला की खेन वाजवायचा. बांबूच्या त्या बाजावर त्याचा हात चांगला होता.

"फो, तुझं वाजवणं ऐकायला येतायत ती," सांगवियन म्हणाली.

"मग दाद तरी द्यावी. नुसतं खातात."

त्यात उरलेल्या लोंब्या पावसानं आडव्या पडल्या आणि दाण्यांना शेतातच कोंब फुटले. हाती टोपलीभरही आलं नाही. नोंगयाओ आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"पा, माझ्यामुळे तुमचं वर्ष वाया गेलं."

"वाया कशानं? तुमच्या बियाण्यानं दिव्याला भीक घातली नाही, तुम्ही म्हणालात तसंच झालं. पाखरांचंही तुम्ही सांगितलं होतं. आम्हीच कमी पडलो."

"सगळ्या शिवारानं हेच लावलं असतं तर पाखरं वाटली गेली असती."

सांगवियननं यावर विचार केला. आपलं गरवं भात सगळ्यांकडे एकाच आठवड्यात का पिकतं, हे तिनं आजवर कधी स्वतःला विचारलं नव्हतं. पाखरांचा वाटा सगळ्यांच्या शेतांत थोडा थोडा पडतो आणि कुणालाच जड जात नाही. तिला आईची आठवण आली, आईच्या आईची आली, आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा बायकांची, ज्यांनी दरवर्षी एकेक लोंबी निवडून बी राखलं. तिनं नोंगयाओला जेवायला बसवलं.

जेवता जेवता खामफाय म्हणाला, "मी रोज दुपारी टोपी घालून बसतो. ऊन माझ्या डोळ्यांवर येत नाही, पण समोर पडतं. दिव्याला टोपी नाही का घालता येणार?"

नोंगयाओच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती म्हणाली, "उजेड रस्त्यावर पडला आणि शेतावर पडला नाही, तर दोघांचंही भागेल. पत्र्याची झापड बसवायला हवी. मला आधीच कसं सुचलं नाही?"

"तुम्ही टोपी घालून काम करता," खामफाय म्हणाला. "मी नुसता बसतो. बसणाऱ्याला सुचतं."

बाजारगावात थावोन नावाचा पत्राकाम करणारा होता. पन्हाळी, रांजणांची झाकणं असं बनवायचा. विचियन त्याच्याकडे गेले आणि कुणाच्या शेतासाठी ते सांगितलं, तसा तो हातातला हातोडा ठेवून उठला. कितीतरी वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना तो वळणावर पडला होता आणि सांगवियननं त्याला कानाला धरून बाहेर काढलं होतं. वीजवाल्यांची परवानगी मिळाली तशी झापड घेऊन तो स्वतः आला.

"केवढ्याला पडली रे ही?" सांगवियननं विचारलं.

"तुझ्या शेतातला चिखल अजून माझ्या कानात आहे, पा," तो म्हणाला. "तो काढून देतेस का? नाही ना? मग गप्प बस."

पहिली झापड वाऱ्यानं खडखडली आणि गावातली कुत्री भुंकत राहिली. त्यानं ती उतरवून काठ वळवले, आतून काळा रंग दिला, वायरमनला धरून पुन्हा वर बसवली. संध्याकाळी दिवा लागला. रस्ता पूर्वीसारखाच उजळ होता, आणि बांधापलीकडे अंधार सुरू होत होता, स्वच्छ, चाकूनं कापल्यासारखा. सांगवियन त्या अंधारात जाऊन उभी राहिली. तिथून तिला दिवा दिसत नव्हता, नुसता उजेडातला रस्ता दिसत होता.

त्या वर्षी पुन्हा आईचं भात लावलं. वर्षावास संपला आणि शिवार निसवलं, तसा तिचा पट्टाही निसवला. फक्त खांबाच्या पायथ्याशी, जिथं रस्त्यावरून उजेडाची कड घसरत होती, तिथं नखाच्या आकाराची एक कोर मागे राहिली. ती थोड्या दिवसांनी निसवली. सगळ्यांचं भात दाणा घट्ट धरून पिवळं झालं, तेव्हा ही कोर दुधाळ, कोवळी होती.

बुनचूच्या ते आधी लक्षात आलं. "पा, याचे पोहे होतील की."

कोवळ्या भाताचे हिरवे पोहे कुटायचे दिवस मोजके असतात. दाणा कडक झाला की संपलं. त्या वर्षी बुनचूच्या मुलीला बाळ झालं होतं आणि ती बाळाला घेऊन माहेरी आली तोवर शिवारात या कोरीखेरीज कोवळं असं काही उरलं नव्हतं. तेव्हा कोर कापली, भाजली आणि खांबाखालीच उखळ आणून ठेवलं. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून कुटू लागल्या, तिसरी पाखडू लागली. खामफायनं खेन काढला. पहिले पानभर पोहे सांगवियननं देवळात नेले आणि पुण्य नेहमीसारखंच त्या माणसाच्या नावे सांगितलं. भिक्षू आता दुसरा होता, पण त्यालाही ते ठाऊक झालं होतं.

तेव्हापासून दरवर्षी ती कोर पोह्यांसाठी राखली जाते. नोंगयाओची बदली झाली तरी त्या सुमारास ती सुट्टी काढून येते, पाहुणी म्हणून, चिखलाचे बूट न घालता. सांगवियन आता थकली आहे. शेत मुलगी आणि जावई बघतात, कंदील उचलायची वेळ क्वचितच येते. पण पोहे कुटायच्या संध्याकाळी ती खांबाखाली चटई टाकून बसते, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हात करून थांबवते.

गेल्या वर्षी एक अनोळखी पोरगा थांबला. शहरातून कुठेतरी दूर निघालेला, घाईत. तिनं केळीच्या पानावर गूळ-खोबरं घालून पोहे दिले. त्यानं उभ्या उभ्या खाल्ले, पान चाटून पुसून साफ केलं आणि म्हणाला, "आजी, तुमचं नाव काय?"

"ते राहू दे," ती म्हणाली. "अजून घे थोडे. पुढे लांब जायचंय ना तुला?"